गाड्यांच्या धुराचे नियम: कॅलिफोर्नियाचा हक्क राहायला हवा

'एक देश, एक नियम' असावा असं काहींचं मत आहे. अमेरिकेत गाड्यांच्या धुराचे नियम फक्त केंद्राने ठरवावेत हे मला अजिबात पटत नाही. जुलै १९४३मध्ये कॅलिफोर्निया राज्यातल्या लॉस एंजेलिस शहरावर धुरकं इतकं दाटलं की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले. जपानने विषारी वायू सोडला असं काहींना वाटलं. डोंगरांनी वेढलेल्या त्या खोलगट भागात धूर कोंडूनच राहतो. म्हणून केंद्राच्या आधी कॅलिफोर्नियाने नियम केले, आणि १९६७ साली अमेरिकन संसदेनेच त्यांना केंद्राची परवानगी घेऊन जास्त कडक नियम करायची मुभा दिली. १९७७पासून इतर राज्यांनाही तेच नियम उचलता येतात, पण जसेच्या तसे. म्हणजे कंपन्यांपुढे पन्नास नाही, दोनच नियमावल्या.

गाड्यांच्या धुरातले हरितगृह वायू, म्हणजे पृथ्वीचं तापमान वाढवणारे वायू, काही राज्यापुरते राहत नाहीत, हा मुद्दा मान्य. पण तापमान वाढल्यामुळे भडकणारे वणवे तिथल्याच लोकांच्या घरांपर्यंत येतात ना? खरी चीड येते ती धरसोडीची: या वायूंवरच्या कॅलिफोर्नियाच्या नियमांना केंद्राने २००९ला परवानगी दिली, २०१९ला काढून घेतली, २०२२ला परत दिली, २०२५ला संसदेने ठराव करून नव्या परवानग्याही मोडीत काढल्या. नव्या गाडीची आखणी कित्येक वर्षं आधी करावी लागते. कारखान्याने कोणता नियम धरून चालायचं?