उ. : सिमिलॅरिटी १४% आली, थीसिस गेला का?

अगं ताई, सिमिलॅरिटी (दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर) १४ टक्के आली म्हणून घाबरून रजिस्ट्रेशन कॅन्सल होईल म्हणतेस, तसं काही नसतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमात १० टक्क्यांपर्यंत काहीच नाही, १० ते ४० मध्ये ६ महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं, रजिस्ट्रेशन जातं ते ६० च्या वर.

माझे १९ आले होते, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, सकाळी कलिनाला, मुंबई विद्यापीठाच्या कँटीनमध्ये कटिंग घेऊन रिपोर्ट उघडला तर शेवटची आठ पानं नुसती लालेलाल, म्हणजे संदर्भसूची! तपासताना सॉफ्टवेअरमध्ये ती वगळायची टिकच कोणी केली नव्हती. वगळल्यावर ८. संदर्भ दिलेली अवतरणं, ऋणनिर्देश हेही नियमानुसार मोजायचे नसतात, आधी ते बघ. आणि नुसते शब्द फिरवत बसू नकोस गं, गाइडला लगेच कळतं.