सुझुकी एव्हरीत टर्बो इंजिन बसवायचं आहे, घरच्या शेडमध्ये जमेल का?

इनाखोरे

नमस्कार. मी जपानमध्ये नागानोला, इना खोऱ्यात राहतो. इथे गावातलं एक जुनं रिकामं घर घेतलं आहे. घरामागे शेतीची अवजारं ठेवायची मोठी शेड आहे, खाली काँक्रीट, छत उंच.

गाडी सुझुकी एव्हरी, म्हणजे इथली छोटी व्हॅन, २००९ची, मॉडेल डीए६४व्ही. पाच गिअर, मॅन्युअल, फोर-व्हील ड्राइव्ह. मागे प्लायवूडचा पलंग, खाली दोन ड्रॉवर, दाराला लागून शेगडीची घडीची फळी, असं सगळं मी स्वतः केलं आहे. सुट्टीत आम्ही तिघं त्यातच झोपतो. मुलीला ही गाडी घरापेक्षा जास्त आवडते.

अडचण चढाची आहे. चुओ एक्स्प्रेसवेवर फुजिमीच्या बाजूला रस्ता १०१५ मीटरपर्यंत चढतो. सामान भरलं की तिथे तिसऱ्या गिअरवर यावं लागतं, मागे ट्रकांची रांग लागते आणि बायको गप्प बसते. इंजिन के६ए, बिनटर्बोचं, ४९ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप). याच गाडीच्या टर्बो मॉडेलला ६४ पीएस आहेत. जवळच्या भंगारवाल्याकडे के६ए टर्बो इंजिन सुटं पडलं आहे, भावही बरा सांगतोय.

विचारायचं ते असं. माझ्याच इंजिनाला टर्बो जोडता येईल, की इंजिनच बदलायचं? शाकेनला, म्हणजे इथल्या सक्तीच्या गाडीतपासणीला, अडकेल का? आणि हे घरी होईल का? पुण्यात असताना बुलेट पूर्ण खोलून बांधली आहे, हत्यारं भरपूर आहेत, पण चारचाकीचं इंजिन कधी उतरवलेलं नाही.

हमामात्सुकर

इनाखोरे, काँक्रीटची शेड आहे म्हणालात, फार बरं वाटलं. मी मूळचा इचलकरंजीचा, आता बरीच वर्षं हमामात्सुत. हीच गाडी, हाच बदल, मी घरच्या कारपोर्टमध्ये केला आहे आणि त्याच गाडीने रोज कामावर जातो. वेळ काढून नीट लिहितो.

तुमच्या इंजिनाला टर्बो जोडायचा विचार सोडून द्या. के६ए टर्बोचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा दाबायचं प्रमाण, मुद्दाम कमी ठेवलेलं आहे, बिनटर्बोचं त्याहून बरंच वर आहे. त्या पिस्टनवर टर्बोची दाबलेली हवा आली की इंजिन नॉक करणार, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके देणार, आणि रिंगांच्या मधला पिस्टनचा काठ तुटणार. सुझुकीने टर्बोसाठी पिस्टन, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), ऑइलची लाइन सगळं वेगळं दिलं आहे, आणि त्या हिशेबाने ते इंजिन साध्या रेग्युलर पेट्रोलवर चालतं. तो हिशेब आपण घरी बसून मोडू नये.

आता भंगारवाल्याकडच्या सुट्या इंजिनाबद्दल. ते घेऊ नका, पूर्ण गाडी घ्या. डीए६४व्हीमध्ये 'जॉइन टर्बो' म्हणून मॉडेल येत होतं. मागून ठोकलेली किंवा पत्रा गंजून गेलेली, पण चालू अवस्थेतली, मॅन्युअल आणि फोर-व्हील ड्राइव्ह, अशी शोधा. सुट्या इंजिनाबरोबर तुम्हाला ब्लॉक, हेड आणि फार तर टर्बो मिळतो. टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर, त्याचे हवेचे पाइप, ईसीयू, वायरिंग, सेन्सर, एक्झॉस्टचा पुढचा पाइप, रेडिएटर, क्लच, माउंटिंगचे ब्रॅकेट हे सगळं एकेक करून ऑक्शनवर शोधत बसाल. त्यात महिने जातात आणि शेवटी पैसेही गाडीइतकेच होतात. शिवाय चालू गाडी घेतली की इंजिन ऐकता येतं. थंड असताना सेल्फ मारा. चेनचा खडखड आवाज काही सेकंदांत थांबला नाही, तर त्या गाडीचं ऑइल वेळेवर बदललेलं नाही. टर्बोचा हवेचा पाइप काढून आतला पंखा बोटाने हलवा. किंचित हलला तर चालेल, पण कडेला घासत असेल तर तिथूनच परत फिरा. डोनरला, म्हणजे जिचं इंजिन काढणार त्या गाडीला, इमोबिलायझर (ठरलेल्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी सोय) असेल तर किल्ल्या आणि ईसीयू एकाच गाडीचे घ्या.

सांगाडा शेडमागे टाकून देऊ नका. इथे २००५पासून गाड्यांच्या रिसायकलिंगचा कायदा आहे, सांगाडा नोंदणी असलेल्या माणसाकडेच द्यावा लागतो. एसीचा गॅसही घरी सोडायचा नाही. घेण्याआधीच त्याच भंगारवाल्याशी बोलून ठेवा, इंजिन काढलेला सांगाडा तोच उचलून नेईल.

शाकेनचं म्हणाल तर शाकेनशोवर, म्हणजे तपासणीच्या दाखल्यावर, 'गेंदोकी नो काताशिकी' (इंजिनाचं मॉडेल) असा एक रकाना असतो. तुमच्या गाडीत तिथे के६ए लिहिलेलं असेल, टर्बोलाही तेच. सीसीही तेच, ६५८. म्हणून हा बदल सगळ्यात सरळ. तरी काम सुरू करायच्या आधी केई, म्हणजे ६६० सीसीपर्यंतच्या छोट्या गाड्यांच्या तपासणी कार्यालयात जा, खिडकीवर दोन्ही गाड्यांचे कागद ठेवा आणि काय करणार ते सांगा. त्यांनी काही फॉर्म सांगितला तर तो भरा. स्वतःची गाडी स्वतः खोलायला इथे परवाना लागत नाही, पण दुसऱ्याची पैसे घेऊन खोललीत तर लागतो.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पुढच्या सीटांखाली आहे आणि निघतं खालून. सीट आणि झाकणं काढली की वरचं सगळं हाताशी येतं, पण वजन खाली जायचं आहे. बॉडी चारही बाजूंनी उचलून जाड लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा, इतकी उंच की ट्रॉलीवर बसलेलं इंजिन गिअरबॉक्ससकट पुढच्या बंपरखालून बाहेर ओढता येईल. नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली जाऊ नका, मिनिटभरसुद्धा नाही. एसीचा कॉम्प्रेसर पाइप न उघडता सोडवून तारेने बाजूला बांधून ठेवा. तुमच्याकडे रस्त्यावर हिवाळ्यात मीठ टाकतात, त्यामुळे एक्झॉस्टचे नट गंजून एकजीव झालेले असणार. आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा, आणि आधी घट्ट करायच्या दिशेने जरासा झटका द्या. गंज तुटला की मगच उलटं फिरवा.

गिअरबॉक्स तुमचाच राहू द्या, क्लच मात्र डोनरचा किंवा नवा. रिलीझ बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील नवंच घाला. इंजिन बाहेर आहे तोवर ते सील दहा मिनिटांचं काम आहे, नंतर पुन्हा सगळं उतरवावं लागतं. डिफरन्शियलला हात लावू नका. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा आणि मागचा रेशो जुळला नाही तर चारही चाकं जोडल्याबरोबर गाडी स्वतःलाच ओढायला लागते.

आणि वायरिंग. लोक इंजिन चढवून खूश होतात आणि मग वायरिंगपाशी दोन महिने गाडी उभी राहते. तुमच्या गाडीच्या आणि डोनरच्या, दोन्हींच्या वायरिंगचे नकाशे छापून घ्या. डोनरचं इंजिनाचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, ईसीयूपर्यंत अखंड काढा, मधे कुठेही कापू नका. प्रत्येक कपलर सोडवण्याआधी त्यावर कागदी टेप लावून कुठला ते लिहा आणि फोटो काढा. मग दोन्ही हार्नेस ताडपत्रीवर शेजारी शेजारी पसरा, एकाच टोकाला ईसीयू ठेवून. बहुतेक वायरी जोडीने जातात, जिथे जोडी तुटते तेवढंच तुमचं काम. मी जमिनीवर बसून रंगीत पेनाने नकाशावर एकेक वायर खोडत गेलो, आणि सगळ्या कामात मला आवडलेला भाग तोच होता. इंजिनाचं अर्थिंग नवीन, जाड वायरीने करा.

इंटरकूलरचे हवेचे मार्ग कंपनीने दिलेत तसेच्या तसे बसवा. सीटखालच्या इंजिनाला समोरून वारा लागत नाही. तिथलं एक प्लास्टिकचं झाकण राहिलं तरी उन्हाळ्यात चढावर गाडी हीट होणार.

ओम्नीवाली

इस्लामपूरहून लिहिते. आमचं गॅरेज आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघते. एव्हरी इथे बघायला मिळत नाही, पण ती ओम्नीच्याच घरातली. ओम्नी म्हणजे सुझुकीची जुनी कॅरी, १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून आली, २०१९ला बंद झाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, तेही सीटखालीच. ओम्नीची इंजिनं मी लहानपणापासून उतरवत आले आहे.

हमामात्सुकर दादांचं सगळं पटलं. पण दादा, आधी आहे ते इंजिन बरं आहे का, हे कुणीच विचारलं नाही. आमच्याकडे 'चढ काढत नाही' म्हणून येणाऱ्या निम्म्या गाड्यांना इंजिन बदलायची गरज नसते. इनाखोरे, आधी कॉम्प्रेशन बघा. तिन्ही सिलिंडर जवळपास सारखे यायला हवेत. एक कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघा. वाढला तर रिंग गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. मग एअर फिल्टर, प्लग, क्लच घसरतोय का, ब्रेक धरून राहिलाय का. चाक उचलून हाताने फिरवलं तरी ब्रेकचं कळतं. आणि तो पलंग काढून एकदा वजनकाट्यावर चढवा. प्लायवूड किती जाडीचं वापरलंय?

दुसरं, १३०० सीसीचा विचार का नाही करत? आमची व्हर्सा म्हणजे जपानची एव्हरी प्लसच. तिच्यात १२९८ सीसीचं इंजिन सीटखाली छान बसलेलं असतं. मला ती गाडी फार आवडायची, लोकांनी मात्र फार घेतली नाही. २०१०ला तिच्याच बॉडीत लहान इंजिन घालून ईको आली आणि तीच चालली.

हमामात्सुकर

ताई, कॉम्प्रेशनचं अगदी बरोबर. तेच आधी करा इनाखोरे.

१३००चं मात्र इथे नको. ६६० सीसीच्या वर गेलं की गाडी केई राहत नाही. पिवळी नंबर प्लेट जाते, पांढरी घ्यावी लागते, नोंदणी दुसऱ्या कार्यालयात, बदलाची वेगळी तपासणी, ब्रेक आणि शाफ्टची आकडेमोड कागदावर मांडून द्यायची. इनाखोरेंची गाडी १३ वर्षांच्या पुढची आहे, तरी वर्षाचा कर ६००० येनच आहे. तोही वाढणार. तीन माणसांच्या पलंगासाठी ६४ पीएस पुरतात.

इनाखोरे

दोघांचे मनापासून आभार. ताई, प्लायवूड १८ मिलिमीटर आहे. तुमचं वाचून काट्यावर नेली, पलंग आणि सामान मिळून माझ्या अंदाजापेक्षा खूपच जास्त भरलं. फळ्या १२च्या करून खाली पट्ट्या देणार आहे. कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरला सारखं आलं, म्हणजे इंजिन निरोगी आहे, फक्त लहान पडतंय. तपासणी कार्यालयातही जाऊन आलो. बाईंनी दोन्ही शाकेनशो शेजारी ठेवून पाहिले आणि इंजिनाचं मॉडेल तेच असल्याने रकाना बदलत नाही म्हणाल्या. जॉइन टर्बो सुवाजवळ एक मिळतेय, मागचं दार आणि डाव्या बाजूचा पत्रा गेलेला, इंजिन गप्प चालतं. पंखा घासत नाही.

इंजिन चढवल्यावर पहिल्यांदा चालू करताना काय बघायचं?

हमामात्सुकर

घ्या ती गाडी.

पहिल्या सेल्फला इंजिन पेटू द्यायचं नाही. टर्बोच्या ऑइल पाइपला दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर घाला. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि थोडं थोडं थांबत सेल्फ मारा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोचल्याशिवाय ते फिरता कामा नये. मग फ्यूज लावून चालू करा, रेस करू नका.

कूलंटची हवा काढायला वेळ द्या. रेडिएटर पुढे, इंजिन सीटखाली, मधले पाइप लांब, त्यामुळे हवा अडकते. गाडीचं तोंड वर करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि केबिनमध्ये गरम हवा येईपर्यंत कूलंट भरत राहा. फॅन चालू होऊन बंद झालेला बघितल्याशिवाय शेडबाहेर नेऊ नका. दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा पातळी बघा.

ब्रेकचं अजून कुणी बोललं नाही. चढ जोरात चढलात की पलीकडचा उतारही जोरात येणार. पुढचे पॅड, मागचे लायनर, रबरी होज आणि ब्रेक ऑइल इंजिनाच्या आधी नवं करा. डोनरच्या पुढच्या डिस्क तुमच्यापेक्षा मोठ्या किंवा जाड आहेत का ते मोजा. असतील तर कॅलिपरसकट त्याच बसवा. मोजलं की दोन्हींचे फोटो इथे टाका, बघून सांगतो.