कोलेस्टेरॉल आणि आपलं कोकणी ताट: तुमचे अनुभव लिहा

माडाखाली (वेंगुर्ला)

मंडळी, नोव्हेंबरात ऑफिसच्या तपासणीत माझा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ आला. वय ४७, साखर आणि बीपी ठीक, विडी-सिगारेट नाही. डॉक्टर म्हणाले, गोळीची घाई नको, आधी खाणं सुधारा, मग बघू.

घरी आलो आणि पहिला वार केला माशांवर. आईने कपाळावर हात मारला. "मासे सोडलंस? मगे जेवतलंस काय, कपाळ माझा!" दोन महिने वरण-भात आणि बटाट्याच्या काचऱ्या खाल्ल्या. जानेवारीत एलडीएल १६१. म्हणजे सुरमईवर उगाच आळ घेतला.

मग आहारतज्ज्ञ बाईंनी एक आठवडा सगळं लिहून काढायला लावलं. तेव्हा कळलं, आमच्या तिघांच्या घरात रोज अर्धा नारळ वाटपात जातो, शिवाय सोलकढीचा रस वेगळा. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात जवळपास ३० ग्रॅम संपृक्त चरबी असते आणि एलडीएल चढवायला तीच पुढे असते. वर दहा वाजता कँटीनचा वडा आणि संध्याकाळी चहात बुडवायला खारी, जी मी 'खाणं' म्हणून कधी मोजलीच नव्हती.

वाटप मूठभरावर आणलं. सोलकढी रविवारी, एरवी आमसुलाचं सार. वडा-खारी बंद. मासे परत सुरू, पण तळलेले नाहीत: बांगडा तव्यावर किंवा तिरफळ घालून. कोळंबीत कोलेस्टेरॉल बरंच असतं पण संपृक्त चरबी नगण्य, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा चालेल असं बाई म्हणाल्या. रात्री दोन चमचे इसबगोल. एप्रिलमध्ये १३७. नेमकं कशाने उतरलं ते सांगता येत नाही, सगळं एकदमच केलं होतं.

तुम्हीही लिहा. काय बदललं, किती दिवस, आकडा कुठून कुठे गेला. 'आमचे आजोबा रोज नारळ खाऊन ९५ वर्षं जगले' हे कृपया लिहू नका. सगळ्यांचेच आजोबा जगले आहेत, आणि ते सगळेच दिवसभर माडावर चढत होते.

कुळथाची पिठी (रत्नागिरी)

दादा, माझी गोष्ट थोडी वेगळी. एलडीएल १९४ होता. मी काय नाही केलं! सकाळी नाचणीची आंबील, दुपारी कुळथाची पिठी, जवसाची चटणी, साय बंद. सासूबाईंनी तर माझ्यासाठी बिनखोबऱ्याचं पातळ वेगळं करायला घेतलं, आणि ज्यांनी आमच्या सासूबाईंचं वाटप बघितलंय त्यांना हा त्याग कळेल. तीन महिन्यांनी १८८. मी रडायचीच बाकी होते.

केस गळत होते, अंग जड, दुपारी झोप आवरत नसे. ते मी वयावर ढकललेलं. दुसऱ्या डॉक्टरांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करायला सांगितलं तर तो २२, म्हणजे बराच वाढलेला. थायरॉईड मंदावला की यकृत रक्तातला एलडीएल नीट उचलत नाही, मग पिठी कितीही प्या. थायरॉईडची गोळी सुरू झाल्यावर चार महिन्यांत १२९. खाणं तेच होतं.

एक चूक सांगते, ती कुणी करू नका. मी गोळी आणि इसबगोल सकाळी पाठोपाठ घ्यायचे. इसबगोल औषध धरून ठेवतं, पोटात शोषू देत नाही. आता गोळी सकाळी उपाशीपोटी, इसबगोल रात्री. आणि भरपूर पाण्यातच घ्या. एकदा अर्ध्या पेल्यात घेतलं तर ते घशातच फुगून बसलं होतं.

पेडवे (देवगड)

माझं छोटंसं. सहा महिने माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेतल्या, एलडीएल तसूभर हलला नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरात १००० मिलीग्रॅम, पण मागे बारीक अक्षरात कामाचे ओमेगा-३ फक्त ३००. डॉक्टर म्हणाले, हे तेल ट्रायग्लिसराईडवर (रक्तातल्या दुसऱ्या प्रकारच्या चरबीवर) चालतं, तेही दिवसाला दोन-चार ग्रॅम ओमेगा-३ पोटात गेलं तर, आणि एवढा डोस आपल्या मनाने घ्यायचा नसतो. एलडीएल त्याने उतरत नाही. दारात समुद्र, बाजारात पेडव्यांचे वाटे, आणि मी बाटलीतलं तेल पितोय. बायको अजून चिडवते.

खाडीकाठ (दापोली)

सप्लिमेंटचा विषय निघालाच आहे तर हे वाचा. परदेशातल्या चुलत भावाने लाल यीस्टच्या तांदळाच्या गोळ्या पाठवल्या. 'नैसर्गिक आहे, स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाची) भानगड नको.' मलाही स्टॅटिनची भीती होतीच. दहा आठवड्यांत एलडीएल १७२ वरून १२८! मी गावभर सांगत सुटलो.

मग मांड्या दुखायला लागल्या. आंब्याचा हंगाम, दिवसभर बागेत वर-खाली, म्हणून दुर्लक्ष केलं. एके दिवशी घाटीच्या पायऱ्या चढताना मधेच बसावं लागलं. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली आणि म्हणाले, "अहो, तुम्ही स्टॅटिनच घेताय." त्या तांदळातला मोनाकोलिन के म्हणजे रेणूने रेणू लोवास्टॅटिन, १९८७ साली अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालेलं. फरक इतकाच की औषधाच्या गोळीत ते मोजून घातलेलं असतं, इथे एका बाटलीत किती आणि दुसरीत किती याचा भरवसा नाही.

बंद केल्यावर तीन आठवड्यांत दुखणं थांबलं. आता दुसऱ्या प्रकारच्या स्टॅटिनची लहान गोळी चालू आहे, पाय ठणठणीत. भीती नावाची होती, हे मान्य करायला जरा लाज वाटते.

किनारा३१ (अलिबाग)

वाचत होतो, लिहू की नको असं झालं. वय ३१, वजन ६२, मासे-भात खाणारा. एलडीएल २२८. टाचेमागच्या शिरेवर जाड गाठ होती, ती मी चपलेमुळे समजत होतो, पण ती कोलेस्टेरॉल साचून झालेली. वडील ४४व्या वर्षी गेले, हार्टनेच. आमच्यात हे रक्तातूनच आलेलं आहे. साधारण २५० माणसांत एकाला असतं असं डॉक्टरांनी सांगितलं. मला कुणी नाचणी सुचवू नका, प्लीज. औषधं दोन आहेत, आता ९६. धाकट्या बहिणीचं तपासलं, तिचाही २१० निघाला. घरात कुणी लवकर गेलं असेल तर बारीक असलात तरी तपासा.

माडाखाली (वेंगुर्ला)

किनारा, लिहिलंस ते फार बरं केलंस. बहिणीला सांभाळ.

पिठीताई, टीएसएच माझा कुणी केलाच नव्हता, उद्या करून घेतो. आता १ जूनपासून ट्रॉलर बंद, ३१ जुलैपर्यंत ताज्या मासळीची बोंब. आईने सुके बांगडे आणि गोलमा डब्यात भरून ठेवलाय. एलडीएलला चालेल, पण त्यातल्या मिठाने बीपी चढलं तर नवीन धागा काढावा लागेल. पुढची तपासणी ऑगस्टात आहे. आईने तारीख विचारून घेतली आणि म्हणाली, "चवथीच्या आधीच कर. मगे मोदकांचो हिशोब माका मागू नको."