'ल्युसिड ड्रीम'ला मराठीत काय म्हणायचं?

तीन महिने झाले ल्युसिड ड्रीमिंग शिकतोय, म्हणजे स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे हे कळणं. घरी सांगताना अडतं. आई म्हणते, कसली स्वप्नं बघतोयस, परदेशी जायची? तिचंही बरोबर, 'बघायची' ती स्वप्नं वेगळी, झोपेतलं आपल्याला 'पडतं'. मग मुद्दाम घडवून आणलेलं काय, स्वप्न 'पाडलं'?

– पाडलं नको हो, कृत्रिम पाऊस पाडतात नाहीतर कविता पाडतात, दोन्हीचं काय होतं माहितीये. दिवास्वप्नही नाही, त्यात माणूस जागाच असतो. 'ल्युसिड ड्रीम' हा शब्द फ्रेडरिक व्हॅन एडन या डच मानसोपचारतज्ज्ञाने १९१३ मध्ये रूढ केला. लॅटिनमध्ये मूळ अर्थ उजेडाचा, पण भ्रमात असलेला पेशंट मधेच भानावर येतो तेव्हाही डॉक्टर ल्युसिडच म्हणतात, तो अर्थ इथे. म्हणून 'भानावरचं स्वप्न'. आणि गंमत बघा, 'भान' ज्या 'भा' धातूवरून आलं त्याचा अर्थ चमकणं, भानु-भास्कर त्यातलेच!

– झोपेत कसलं आलंय भान, उठल्यावर वाटत असेल.

– नाही ताई, स्वप्न पडत असताना अंग लुळं होतं तरी डोळे हलतात ना, तर १९७५ साली इंग्लंडात कीथ हर्न या मानसशास्त्रज्ञाने झोपलेल्या माणसाकडून, स्वप्नात भानावर आल्यावर, आधी ठरवल्याप्रमाणे डावी-उजवीकडे डोळे फिरवून घेतले आणि मशीनवर त्याची नोंदही झाली.

– 'भानावरचं' घेतलं, आईला एका दमात कळलं.

– पण करता काय त्यात?

– आधी तर भानावर येईनाच. युक्ती अशी की काहीही वाचायचं, नजर वळवून परत वाचायचं, स्वप्नात अक्षरं बदलतात. दिवसा दादरला इंडिकेटर दोनदा वाचायची सवय लावली, गर्दीत लोक शिव्या घालतात ते सोडा. एका रात्री विरार फास्ट, परत बघतो तर 'बारावी गणित'. इतका आनंद झाला की जागच आली. पुढच्या वेळी स्वप्नातच तळहात चोळत राहिलो, तेव्हा टिकलं. लोक उडतात म्हणे, मीही परळच्या पुलावरून उडालो, दोनदात कंटाळा आला. आता फक्त तो बारावीचा पेपर, पंधरा वर्षं झाली अजून पडतो, त्यात भानावर आलो की पेपर कोरा ठेवायचा आणि सुपरवायझरसमोरून बाहेर. परवा जमलं. आता व्याकरण सांगा, 'मला स्वप्न पडलं आणि मी त्यातून उठून वडापाव खायला गेलो', चालेल?

– चालेल. चटणी तिखट होती का लसणाची?