शहरातले पक्षी मोजायचे कोणी?

गच्चीवाली:
काल इथे एकांनी लिहिलं की ॲपवर पक्षी मोजणं हा हौशी लोकांचा टाइमपास आहे, मोजायचं तर तज्ज्ञांनी मोजावं. दिवसभर डोक्यात तेच घोळत होतं म्हणून लिहितेय. तज्ज्ञ असे किती आणि पुणं केवढं? २०२३चा भारतातल्या पक्ष्यांचा अहवाल आला तो ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर, त्यातले बहुतेक नोकरी-घर सांभाळून बघणारे. मी सहा वर्षं सकाळी चहा ठेवायच्या आधी गच्चीत १५ मिनिटं उभी राहते आणि दिसेल, ऐकू येईल ते सगळं ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर टाकते, कावळासुद्धा. समोरचा उंबर तोडला त्यानंतर तांबट पक्ष्याची टुकटुक माझ्या यादीतून गेली. ही नोंद कोणता तज्ज्ञ ठेवणार होता माझ्या गल्लीत येऊन?

टेकडी_रोज:
ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. तीस वर्षं दुर्बीण गळ्यात आहे माझ्या. मागच्या फेब्रुवारीत ते चार दिवसांचं ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’, सगळ्यांनी मिळून करायची पक्षीगणना, झालं तेव्हा एका मुलाने शिक्रा शिक्रा म्हणून नाचून फोटो दाखवला, तो निघाला शिक्र्यासारखा दिसणारा पावशा. असल्या नोंदींवर अहवाल? आणि रविवारी सगळे पाषाण तलाव नाहीतर कवडीला. हडपसरच्या वस्तीत, वाघोलीच्या नव्या टॉवरांत कोण जातं हो मोजायला?

वानवडी_३रा_मजला:
मोजायचंच तर आमच्याकडे या आणि कबुतरं मोजा. आईचा खोकला थांबेना तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घराजवळ कबुतरं आहेत का. वरचे रोज किलोभर ज्वारी टाकतात, सोसायटीला तीन अर्ज दिले, कोणी ढुंकून बघत नाही.

दाणापाणी:
मुक्या जिवाला दोन दाणे घातले तर एवढा राग? आमचे आजोबा घालायचे, आम्हीही घालतो. आम्ही घातलं नाही तर चिमण्या उरतील का?

टेकडी_रोज:
चिमणीच्या पिल्लाला अळ्या, किडे लागतात, ज्वारी नाही. तुमच्या दाण्यावर कबुतरंच पोसली जातायत.

वानवडी_३रा_मजला:
अगदी बरोबर!! २०२५ला दादरचा कबुतरखाना ताडपत्री घालून बंद केला तेव्हा लोक ती फाडायला धावले, आजारी माणसांसाठी कोणी धावलं नाही.

दाणापाणी:
तुमच्या आईंना बरं वाटो, पण सगळं खापर आमच्या डोक्यावर फोडू नका. पूर्वी वाडे होते, वळचणी होत्या, चिमण्या कुठेही घरटं करायच्या. आता काचेच्या इमारती बांधल्या त्या आम्ही का?

गच्चीवाली:
अहो भांडताय तुम्ही, पण कबुतरं वाढली हे देशभराचं चित्र कुठून कळलं? याच नोंदींतून. चिमणी एकूण देशात टिकून आहे पण सहा महानगरांत कमी होतेय, हे २०२०च्या अहवालात आलं तेही यातूनच. म्हणून तर साधे पक्षी लिहायचे असतात. शंभर याद्यांपैकी कितींत चिमणी आहे, यावरून हिशोब लागतो. फक्त दुर्मीळ पक्षी टाकणाऱ्यांचा त्यात उपयोग नाही. आणि शिक्रा-पावशाचं म्हणाल तर अनोळखी नोंद आली की स्थानिक जाणकार उलट विचारतात, फोटो मागतात. मला दोनदा विचारलंय, एकदा मीच चुकले होते.

टेकडी_रोज:
नेहमीच्या पक्ष्याची चूक कोणी विचारत नाही, तेव्हा तेवढं ठामपणे सांगू नका. पण वळचणीचं पटलं. आणि तांबटाचं मनाला लागलं, आमच्या कॉलनीत तो कधी गेला हे मला सांगता येणार नाही. तीस वर्षांच्या वह्या आहेत, सगळ्या टेकडीवरच्या, घराखालचं एक पान नाही. रविवारच्या गर्दीबद्दल मात्र मी मागे घेत नाही काही.

गच्चीवाली:
नका घेऊ, ते खरंच आहे. वाघोलीत माझी बहीण राहते, तिला आजच सांगते. तुमच्या वह्यांत वेळ आणि जागा लिहिलेली असेल तर जुन्या तारखांनीही टाकता येतात त्या.

वानवडी_३रा_मजला:
मीपण लिहीन उद्यापासून. आमच्याकडे कबुतरंच येतील बहुतेक, पण आकडा खरा लिहीन.