रोमानियाचे तरुण वादक परदेशात एनेस्कु का वाजवतात, आणि तो कसा ऐकावा?

मंद्रसप्तक

नमस्कार. मी गेली सहा वर्षे लंडनमध्ये राहतो. माझा कान ख्याल गायकीवर घडला आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीत मी इथे आल्यावरच नीट ऐकू लागलो, आणि त्यातही भल्यामोठ्या वाद्यवृंदापेक्षा दोन-चार वादकांनी एकमेकांकडे पाहत वाजवायचे चेंबर संगीत मला अधिक जवळचे वाटते. मागच्या महिन्यात एका चर्चमधील दुपारच्या विनामूल्य मैफलीत व्हायोलिन आणि पियानो वाजवणारे रोमानियाचे दोन तरुण वादक ऐकले. दोघांचेही वय पंचविशीच्या आतले असावे. आधी मोझार्ट झाला, मग बार्टोक यांची रोमानियन लोकनृत्ये झाली आणि शेवटी रोमानियाचे संगीतकार जॉर्जे एनेस्कु यांचा तिसरा व्हायोलिन सोनाटा, म्हणजे व्हायोलिन आणि पियानोसाठीची अनेक भागांची रचना. हा सोनाटा सुरू झाला तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो, कारण व्हायोलिन वाजवणारी मुलगी एका स्वरावरून दुसऱ्यावर थेट जात नव्हती; ती मधल्या वाटेवर रेंगाळत होती आणि काही स्वर मुद्दाम किंचित उतरे लावत होती. पाश्चात्त्य मैफलीत असे काही कानावर पडेल याची मला कल्पना नव्हती.

त्यानंतर कार्यक्रमपत्रिका चाळताना लक्षात आले की इथे येणारे रोमानियाचे बहुतेक तरुण वादक एनेस्कुंची एखादी तरी रचना घेऊन येतात. ही देशाभिमानाची प्रथा आहे, की त्यामागे काही सांगीतिक कारण आहे? हे वादक घडतात कुठे, आणि परदेशात चेंबर संगीतावर त्यांचा निभाव कसा लागतो? शिवाय त्या उतऱ्या स्वरांबद्दल कोणी समजावून सांगितले तर मी आभारी राहीन, कारण तो प्रसंग अजून मनातून जात नाही.

पाणकळा

मी बर्लिनमध्ये असतो आणि इथल्या संगीत विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मैफलींना नेमाने जातो. आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

रोमानियात संगीताच्या खास सरकारी शाळा आहेत. बुखारेस्टमध्ये एनेस्कु आणि दिनू लिपात्ती यांच्या नावाच्या अशा शाळा आहेत, आणि तिथे लहान वयातच मुलाच्या हाती वाद्य येते. गणित आणि भाषेच्या तासांबरोबर वाद्याचा तासही त्याच वेळापत्रकात असतो. पुढे बुखारेस्ट, क्लुज-नापोका आणि याश येथील संगीत विद्यापीठे आहेत. म्हणजे पाया देशातच घातला जातो. त्यानंतरच्या टप्प्यावर मात्र अनेकजण बर्लिन, व्हिएन्ना, पॅरिस किंवा लंडन गाठतात, आणि 2007 मध्ये रोमानिया युरोपीय संघात आल्यापासून संघातील देशांची वाट बरीच सोपी झाली आहे.

चेलो, म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातील मोठे, खर्जाचे वाद्य, वाजवणारे आंद्रेई इओनित्सा हे याचे ठळक उदाहरण आहे. त्यांचा जन्म 1994 मध्ये बुखारेस्टमध्ये झाला, सुरुवातीचे शिक्षण तिथेच झाले आणि पुढे ते बर्लिनमध्ये येन्स पेटर माइंट्स यांच्याकडे शिकले. 2015 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग येथे झालेल्या चायकोव्हस्की स्पर्धेत त्यांना चेलोचे सुवर्णपदक मिळाले. त्या काळात त्यांच्या हातातला चेलो 1671 मध्ये रोजेरी या कारागिराने घडवलेला, एका जर्मन प्रतिष्ठानाने वापरायला दिलेला होता. ही बाब मी मुद्दाम सांगतो. अशा वाद्याची किंमत तरुण वादकाच्या आवाक्याबाहेरची असते, आणि उसने वाद्य मिळणे हा परदेशात टिकून राहण्याचा फार मोठा आधार ठरतो.

मात्र परदेशी जाण्याची ही रीत युरोपीय संघाने सुरू केलेली नाही. एनेस्कु स्वतः 1888 मध्ये, सातव्या वर्षी, व्हिएन्नाच्या संगीतशाळेत दाखल झाले आणि 1895 मध्ये पॅरिसला गेले. पियानोवादक क्लारा हास्किल आणि दिनू लिपात्ती यांचेही शिक्षण पॅरिसमध्येच पुरे झाले. आज बर्लिनला येणारे विद्यार्थी त्याच पायवाटेने चालत आहेत.

गजरेषा

मी पुण्यात व्हायोलिन शिकवते. पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण झाले असले तरी घरात हिंदुस्थानी संगीत होते. आपण ऐकलेल्या सोनाट्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण ही रचना मी बरीच वर्षे अभ्यासली आहे आणि तिच्याविषयी कोणी विचारले की मला राहवत नाही.

हा सोनाटा 1926 मधला आहे. त्याच्या शीर्षकात एनेस्कुंनी ‘रोमानियन लोकसंगीताच्या वळणाचा’ अशा अर्थाचे शब्द जोडले, आणि ‘शैली’ हा शब्द टाळून ‘स्वभाव’ किंवा ‘वळण’ सुचवणारा शब्द जाणीवपूर्वक निवडला. म्हणूनच यात एकही खरे लोकगीत उचललेले नाही. चाली त्यांच्या स्वतःच्या आहेत, पण त्यांची बोली लाउतारींची आहे. रोमानियात पिढ्यान्‌पिढ्या लग्नकार्यात आणि जत्रेत वाजवणाऱ्या, बहुतांशी रोमा समाजातील धंदेवाईक वादकांना लाउतारी म्हणतात. तिथे दोइना नावाचा एक गानप्रकारही आहे. तो संथ असतो, ठेक्यात बांधलेला नसतो आणि गाणारा त्यात आपल्या श्वासाप्रमाणे सूर लांबवतो. 2009 मध्ये युनेस्कोने दोइनाची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. आलाप ऐकणाऱ्या माणसाला दोइनाची ओळख पटायला वेळ लागणार नाही.

आपण ज्यांना उतरे स्वर म्हणता, ते एनेस्कुंनी कागदावर लिहून ठेवलेले आहेत. पाव स्वराने उतरवायच्या किंवा चढवायच्या जागांसाठी त्यांनी वेगळ्या खुणा वापरल्या. गज कुठल्या भागाने फिरवायचा, स्वरावर कंप द्यायचा की तो कोरा ठेवायचा, घसरत जायचे तर किती सावकाश, हे सारे जवळजवळ प्रत्येक स्वराशी नोंदवलेले आहे. आपल्याकडे दरबारीतला आंदोलित गंधार गुरूसमोर बसून, कानाने उचलावा लागतो. एनेस्कुंनी तसाच निसटता ऐवज लिपीत बसवण्याचा ध्यास घेतला. आणि एवढ्या सूचना काटेकोर पाळूनही वाजवणे उत्स्फूर्त वाटले पाहिजे, ही या रचनेची खरी कसोटी आहे. माझ्या मते इथेच रोमानियाच्या मुलांना एक गोष्ट आधीच मिळालेली असते: त्यांनी हे वळण कागदावर पाहण्यापूर्वी लग्नाच्या मांडवात ऐकलेले असते. हे कारण सांगीतिकच आहे, आणि आपण म्हणता तो देशाभिमान असला तरी तो त्यानंतर येतो.

पियानोकडेही लक्ष द्यावे. तो इथे साथीला बसलेला नाही. पुष्कळ ठिकाणी तो त्सिंबालचे, म्हणजे आपल्या संतूरच्या कुळातील वाद्याचे, काम करतो. दुसऱ्या भागाच्या आरंभी पियानोवर एकच स्वर पुन्हा पुन्हा, उन्हाळ्याच्या रात्री किडे किरकिरावेत तसा, वाजत राहतो आणि त्यावर व्हायोलिन तारेला नुसता स्पर्श करून बासरीसारखा पोकळ नाद काढते.

ध्वनिमुद्रणे दोन ऐकावीत. स्वतः एनेस्कु आणि दिनू लिपात्ती यांनी 1943 मध्ये केलेले मुद्रण पहिले. लिपात्ती हे त्यांचे धर्मपुत्र होते आणि तेव्हा पंचविशीतच होते. दुसरे व्हायोलिनवादक यहूदी मेन्युइन आणि पियानो वाजवणारी त्यांची बहीण हेफ्झिबा यांचे, 1936 चे. मेन्युइन हे एनेस्कुंचे शिष्य. 1927 च्या उन्हाळ्यात ते गुरूबरोबर कार्पेथियन डोंगरातल्या सिनाया गावी राहिले होते, तेव्हा त्यांचे वय अवघे अकरा होते. हेच मेन्युइन 1952 मध्ये भारतात आले आणि पुढे रविशंकरांबरोबर वाजवू लागले. मुक्त लयीतल्या सुरावटीची गोडी त्यांना सिनायामध्ये आधीच लागली असावी, असे मला नेहमी वाटते.

चौथी तार

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. निभाव कसा लागतो, या प्रश्नाबद्दल मी क्वार्टेटच्या, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चौघांच्या गटाच्या, अंगाने लिहितो, कारण तिथे अडचण सर्वांत जास्त आहे. एकट्या वादकाला आज इथे, उद्या तिथे वाजवता येते. चार जणांच्या क्वार्टेटला मात्र वर्षानुवर्षे रोज एकत्र बसून सराव करावा लागतो, आणि विशीतल्या चार जणांनी एकाच वेळी वेगळ्या शहरातील वाद्यवृंदाची पगारी नोकरी नाकारल्याशिवाय हे शक्य होत नाही. मी ज्या मंडळींना जवळून पाहिले, त्यांच्यातील एक क्वार्टेट नेमके याच कारणाने तिसऱ्या वर्षी मोडले. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडे मोठे आणि खालच्या सुरांचे वाद्य, वाजवणाऱ्याला नोकरी लागली आणि उरलेल्या तिघांना त्याला दोष देता येईना.

म्हणून आर्काडिया क्वार्टेटचे मला मोल वाटते. क्लुज-नापोका येथील संगीत अकादमीत शिकत असतानाच चौघांनी 2006 मध्ये हा गट बांधला. 2009 मध्ये हॅम्बुर्गची, 2012 मध्ये लंडनच्या विगमोर हॉलची आणि 2014 मध्ये ओसाकाची स्पर्धा त्यांनी जिंकली. पुढे शांडोस या ब्रिटिश कंपनीसाठी त्यांनी बार्टोक यांची सहाही क्वार्टेट्स (अशा चौघांसाठीच्या रचनांनाही हेच नाव आहे) ध्वनिमुद्रित केली आणि मग संगीतकार वाइनबर्ग यांची क्वार्टेट्स हाती घेतली, जी एकूण 17 आहेत. विगमोर हॉलमध्ये जेमतेम 550 जण बसतात, पण क्वार्टेट वाजवणाऱ्यांच्या लेखी त्या सभागृहातील यशाचे वजन फार आहे. आणखी एक धागा: ती स्पर्धा 1979 मध्ये पोर्ट्समथ येथे सुरू झाली तेव्हा तिच्यामागे मेन्युइन होते. एनेस्कुंच्या शिष्याच्या पुढाकाराने उभी राहिलेली स्पर्धा एनेस्कुंच्या देशातील चौघांनी जिंकली, हे वाचले तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

जिंकण्याआधीच्या वर्षांत आधार लागतो तो छोट्या व्यवस्थांचा. बुखारेस्टमध्ये 2006 पासून सोनोरो हा चेंबर संगीताचा महोत्सव भरतो, आणि त्याच्याच शिष्यवृत्ती उपक्रमात तरुणांना अनुभवी वादकांच्या शेजारी बसून वाजवायला मिळते. रोमानियन सांस्कृतिक संस्थेच्या लंडन, बर्लिन, व्हिएन्ना आदी शहरांतील शाखा तरुणांच्या मैफली ठेवतात. लंडनमधील अडचण मात्र अलीकडे वाढली आहे: ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यानंतर 2021 पासून मुक्त ये-जा संपली, आणि मानधन बेताचेच असताना कागदपत्रांचा खर्च डोक्यावर येतो. त्यात चेलो विमानात नेण्यासाठी स्वतंत्र आसन विकत घ्यावे लागते, हे श्रोत्यांना सहसा ठाऊक नसते. आपण गेलात तशा विनामूल्य मैफलीत बाहेर पडताना दारातील पेटीत जमेल तेवढी रक्कम अवश्य टाकावी, ही विनंती.

पाणकळा

एक छोटीशी भर घालतो, कारण बार्टोक यांचा उल्लेख आला आहे. ती नृत्ये 1915 मध्ये पियानोसाठी लिहिली गेली. व्हायोलिन आणि पियानोसाठी ती झोल्तान सेकेय यांनी बसवली. चाली ट्रान्सिल्व्हानियातील रोमानियन खेड्यांतल्या आहेत. बार्टोक हंगेरियन असले तरी त्यांचे जन्मगाव आज रोमानियात आहे, आणि त्यांचे व एनेस्कुंचे जन्मवर्षही एकच, 1881. एकाने खेडोपाडी फिरून चाली टिपल्या आणि दुसऱ्याने त्या न टिपता त्यांचा स्वभाव उचलला. त्या दोघा वादकांनी या रचना एकापुढे एक ठेवल्या त्या विचारपूर्वकच ठेवल्या असणार.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री 1943 चे मुद्रण ऐकले. दुसऱ्या भागातील तो एकच स्वर मैफलीत मला तानपुऱ्यासारखा वाटला होता आणि मी त्यावर षड्ज धरून बसलो होतो. रात्रीच्या किड्यांची कल्पना मनात ठेवून ऐकताना व्हायोलिनचा प्रवेश पार वेगळाच वाटला. लिपात्ती तो स्वर किती निरनिराळ्या वजनांनी वाजवतात, हेही लक्षात आले. पुढच्या आठवड्यात इथे काही तरुण वादक एनेस्कुंचे अष्टक, म्हणजे आठ वादकांसाठीची रचना, वाजवणार आहेत. त्याबद्दल जाण्यापूर्वी काही माहीत असावे का?

गजरेषा

अष्टक 1900 मधले आहे आणि तेव्हा एनेस्कु एकोणीस वर्षांचे होते. चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो असा संच असतो. पॅरिसमध्ये वाद्यवृंद संचालक एदुआर कोलोन यांनी तालमी घेऊन ते कार्यक्रमातून काढून टाकले, कारण ते फार धाडसाचे वाटले; पहिला प्रयोग 1909 मध्ये झाला. सुमारे 40 मिनिटे चारही भाग एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे मध्ये टाळ्या वाजवू नयेत. आरंभी जवळजवळ सगळे मिळून जी लांबलचक सुरावट वाजवतात ती नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती वेगवेगळ्या वेषांत परत येते. जागा निवडता आली तर समोर न बसता थोडे बाजूला, व्हायोलांच्या जवळ बसा. मधले आवाज तिथून स्पष्ट ऐकू येतात.