दहा मीटर एअर रायफल: सराव आणि मॅच दोन्हींना चालतील असे एकच छर्रे कोणते घ्यावेत?

पेंडसेनगरवाला
नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे. जूनपासून डोंबिवलीहून दादरच्या एका रेंजवर जाते, आठवड्यातून चार दिवस. एका दिवसाला साधारण ६० छर्रे, म्हणजे महिन्याला हजाराच्या आसपास. आत्तापर्यंत रेंजवर जो डबा उघडा असेल त्यातले घ्यायचे असं चाललं होतं. डिसेंबरात जिल्ह्याची मॅच आहे, त्यामुळे आता एकच जात ठरवून टाकायची आहे: रोजच्या सरावाला तीच आणि मॅचलाही तीच. महिन्याचं बजेट १५०० रुपये. त्यावर जाता येणार नाही, जॅकेट-ट्राउझरचे पैसे अजून फिटायचे आहेत. छर्रे ४.५ मिमीचे लागतात एवढंच मला कळतं. मार्गदर्शन करा.

शिवडी_पॉइंट
आरडब्ल्यूएस कंपनीचे आर १० घ्या आणि विषय संपवा. नऊ वर्षं मी दुसरा डबा उघडलेला नाही. माझ्या नळीत पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा झुबका, बाहेरून बाहेर ६ मिमीच्या आत येतो. महाग आहेत, पण एकदा चांगल्याची सवय लागली की हलकं हातात धरवत नाही.

पेंडसेनगरवाला
दादा, बजेट १५०० आहे.

कोल्हापूरचं_पाणी
आर १० चांगलेच आहेत, पण एच अँड एन कंपनीचे फिनाले मॅच घ्या. डोक्याचं माप ४.४९ मिमी, वजन ०.५३ ग्रॅम. पिस्तुलाचे हलके येतात, डब्यावर बघून घ्या, नाहीतर दुकानदार तेच गळ्यात मारतो. माझ्या भाच्याला एका दुकानाने तसे दिले होते, दोन महिने पोरगा स्वतःलाच दोष देत होता. आणि आमच्या कोल्हापूरकडे बघा जरा. तेजस्विनी सावंत २०१० ची जगज्जेती, स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ. आमच्याकडे छऱ्यावर काटकसर करत नाहीत.

वरळी_नाका
दोघांचाही अभिमान आहेच, पण दोघांची ती पदकं ५० मीटरची. तिथे पॉइंट टू टूची काडतुसं असतात, छर्रे नव्हेत. उदाहरण द्यायचंच तर आमच्या मुंबईच्या अंजली भागवत यांचं द्या, २००० च्या सिडनीत दहा मीटर एअर रायफलच्या फायनलमध्ये होत्या.

कोल्हापूरचं_पाणी
५० मीटरवाले एअरवरच तयार होतात, साहेब. पाया तोच.

वरळी_नाका
पाया तोच, हे मान्य. छर्रा तोच नाही.

बरं, मूळ प्रश्नाकडे. पेंडसेनगरवाले, कंपनीच्या नावापेक्षा बॅच बघा. डब्याच्या बुडाशी किंवा लेबलावर नंबर असतो. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे दोन डबे, पण बॅच वेगळी असेल तर एकाच नळीतून वेगळे जातात. मी हे वर्षभर न समजता भोगलं आहे. राज्य स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नवा डबा उघडला आणि ग्रुप पसरला. मी सगळा दोष श्वासाला दिला, पोझिशन बदलली, साइट फिरवली. मॅच गेली. नंतर जुन्या डब्यातले उरलेले चाळीस छर्रे मारले तर सगळे जागेवर. आवडलेली बॅच सापडली की तिचेच डबे घेऊन ठेवायचे.

मिलिग्राम
बॅचनेही भागत नाही. मी झवेरी बाजारातून सोनाराचा काटा आणला आहे आणि मॅचच्या आधी प्रत्येक छर्रा तोलतो. ०.५३ च्या डब्यातही वरखाली निघतात. स्कर्ट, म्हणजे छऱ्याची मागची पातळ कड, वाकलेली दिसली की बाजूला. दोनशे निवडायला एक संध्याकाळ जाते, पण फायरिंग लाइनवर मन शांत राहतं.

शिवडी_पॉइंट
दहा मीटरवर तोलण्याचा काही उपयोग नाही. तो वेळ होल्डिंगला, रायफल स्थिर धरायच्या सरावाला द्या.

मिलिग्राम
मला झाला आहे उपयोग. माझा अनुभव सांगतोय.

बाल्कनी_त्रस्त
याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे स्प्रिंगची साधी एअरगन आहे, कबुतरांसाठी कुठले छर्रे बरे? मी गोल डोक्याचे आणले होते, लांब छान जातात.

वरळी_नाका
कबुतरांसाठी कुठलेच नाहीत. बाल्कनीला जाळी लावून घ्या. बिल्डिंगमध्ये एअरगन चालवाल तर समोरच्या घरातल्या माणसाच्या डोळ्याला लागेल. आणि इथले नवे लोक वाचत असतील म्हणून सांगतो, टार्गेटला गोल डोक्याचे घेऊच नका. सपाट डोक्याचा छर्रा कागदाला पंचसारखं स्वच्छ भोक पाडतो. गोल डोक्याचा कागद फाडतो, मग ९ की १० यावर भांडत बसा.

सिस्टर_परळ
मी नर्स आहे, मुलगाही नेमबाजी करतो. तुम्ही सगळे मापाबद्दल बोलताय, पण ती मुलगी नववीतली आहे आणि छर्रे शिशाचे असतात हे कुणी म्हणालं नाही. छर्रे तोंडात धरायचे नाहीत, खिशात सुटे ठेवायचे नाहीत. रेंजवरून निघताना साबणाने हात धुवायचे आणि मगच वडापाव. आमच्या रेंजवर मुलं एका हाताने लोड करतात आणि दुसऱ्या हाताने वेफर्स खातात, मला बघवत नाही. आणखी एक, पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर छऱ्यांवर पांढरी भुकटी धरते. तीही शिशाचीच. तसे छर्रे वापरू नका आणि ती भुकटी फुंकून उडवू नका.

कोल्हापूरचं_पाणी
ताईंचं बरोबर आहे. फिनाले मॅचचा डबा घट्ट बसतो.

ठाणे_स्लो
मी स्वतः लोकलने रायफल नेतो म्हणून सांगतो. डबा बॅगेत खडखडत ठेवू नका. दिवा ते दादर गर्दीत छर्रे एकमेकांवर आपटून स्कर्ट चेपतात. डब्यात वरून स्पंजचा गोल तुकडा कापून बसवा. फुकटातलं काम आहे.

सरावाला देशी स्वस्त छर्रे घ्या आणि मॅचला आर १०. सगळे हेच करतात.

शिवडी_पॉइंट
मीही वर तेच म्हणालो, आर १०.

आयवा_जुनी
सगळं वाचलं. एक प्रश्न कुणीच विचारला नाही. रायफल मुलीची स्वतःची आहे की रेंजची?

पेंडसेनगरवाला
रेंजची, ताई. चार आहेत, जी मोकळी असेल ती मिळते.

आयवा_जुनी
मग आर १० की फिनाले हा वाद तुमच्यासाठी आज निरर्थक आहे. छर्रा कुठला चांगला हे नळी ठरवते. शिवडीकरांच्या नळीला जे आवडतं ते त्यांच्या नळीपुरतं. आधी प्रशिक्षकांना विनंती करा की डिसेंबरपर्यंत तिला एकच रायफल द्या, तिचा नंबर लिहून ठेवा. मग दोनतीन जातींचे वीस-वीस छर्रे कुणाकडून तरी मागून घ्या आणि प्रशिक्षकांनाच रायफलला टेकू लावून, दर वेळी कोऱ्या कागदावर मारायला सांगा. ज्याचा ग्रुप लहान, तो तुमचा.

आणि फरक किती असतो तेही समजून घ्या. दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा. गुण दशांशांत मोजतात तेव्हा एक दशांश गुण म्हणजे मध्यापासूनचं पाव मिलीमीटर अंतर. चांगल्या आणि बऱ्या छऱ्यात बहुतेक वेळा दोनतीन दशांशांचा फरक पडेल. काही महिनेच सराव झालेल्या मुलीचा होल्ड आठाच्या वर्तुळात फिरत असतो, ते वर्तुळ साडेदहा मिलीमीटरचं. म्हणून सध्या सरावाला साधेच सपाट डोक्याचे घ्या, ठाणेकर म्हणतात तसं. महागडा एक डबा मॅचसाठी राखून ठेवा.

वरळी_नाका
आयवाताईंना अनुमोदन. फक्त मॅचच्या आधी दोन आठवडे त्याच डब्यावर या, झीरो, म्हणजे साइटची जुळणी, हलतो.

मिलिग्राम
अनुमोदन. पण तोलून.

पेंडसेनगरवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. स्पंज बसवला, साबणाची डबी बॅगेत गेली. प्रशिक्षकांशी बोललो, तिसऱ्या नंबरची रायफल डिसेंबरपर्यंत तिलाच द्यायला तयार आहेत. त्यांनी टेकूवर तीन जाती मारून बघितल्या. आर १० आणि फिनाले मॅच जवळजवळ सारखे आले, फिनालेचा ग्रुप किंचित लहान. साधे छर्रेही वाईट नव्हते.

तरी मी सरावाला साधे घेत नाही. फिनालेच घेतले, एका बॅचचे तीन डबे, महिन्याला एक. कारण सांगतो. घरी येताना ती रोज म्हणते, बाबा, आज छर्रे खराब होते. कधी खरंच असतील, कधी नसतील, तिलाही कळत नाही आणि मलाही. आठ लागला तर तो आपला आहे, हे तिला नक्की माहीत असायला हवं. पैसे तेवढेच ठेवायचे म्हणून गोळ्या निम्म्या केल्या, दिवसाला तीस. उरलेला वेळ ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न भरता नुसता ट्रिगर. प्रशिक्षक म्हणाले चालेल.

शिवडी_पॉइंट
तीस फार कमी पडतील. आणि आर १० घ्यायला हवे होते.

आयवा_जुनी
मी असं केलं नसतं. पण तिला ड्राय फायरिंगची वही ठेवायला सांगा, प्रत्येक ट्रिगरला साइट कुठे होती ते लिहायचं. महिन्याने इथे कळवा.

पेंडसेनगरवाला
वही आजच आणतो, ताई.